आपल्या बाजूची हानी

केझाया : नाही आलं ऐकू. मधलं एक वाक्य गिळलंत तुम्ही.

एनॉक : गिळलं नाही गं. घसा बसलाय जरा.

केझाया : घसा कालपासून ठणठणीत आहे. टपालाचं ऐकू आलं, तंबाखूच्या जकातीचं आलं, बंदरातल्या गाळाचं आलं. मग ‘फ्लोरिडा’ म्हणालात आणि तिथनं एकदम तिजोरीतल्या शिलकीवर! मी इथं धुण्याच्या खोलीत उभी आहे, दर वर्षीसारखी. इथवर आवाज पोचला की सभागृहाच्या सज्जात शेवटच्या बाकाला ऐकू जातं, हे तुमचंच म्हणणं. वाचा पुन्हा.

एनॉक : पुरे आता. निघायला हवंय मला.

मर्सी : वाच की दादा. वहिनी तिकडं साबणाच्या हातांनी ताटकळलीय, इकडं माझे मक्याचे घावन वातड होतायत. एकदाचं वाच आणि या दोघं खायला.

एनॉक : मर्सी, तू यात पडू नकोस.

मर्सी : मी कशाला पडू? या घरात भाऊ वाचतो, वहिनी ऐकते आणि विधवा बहीण तवा सांभाळते. वरच्या मजल्यावरचे दोघे भाडेकरू सभासद जागे झाले की त्यांचंही खाणंपिणं माझ्याच माथी. वाच, म्हणजे सुटले मी.

केझाया : अहो, वाचताय ना?

एनॉक : ‘फ्लोरिडातील मोहीम समाधानकारक रीतीने पुढे सरकत असून...’

केझाया : असून काय?

एनॉक : ‘...असून आपल्या बाजूची हानी किरकोळ आहे.’

मर्सी : अगं बाई.

एनॉक : केझाया? आत ये. हात पूस आणि बस इथं शेगडीपाशी. पाणी गार पडलं असेल तिकडं.

केझाया : किरकोळ.

एनॉक : शब्द माझा नाही.

केझाया : कोणाचा आहे ते मला ठाऊक आहे. वाचणार तुम्ही ना?

एनॉक : मी नाही तर कोण वाचणार? सभागृहाचा वाचक कारकून आहे मी. राष्ट्राध्यक्षांचे चिटणीस कागद घेऊन दारात येणार, मोठ्यानं वर्दी देणार, सभापती तो माझ्या हाती सोपवणार आणि मी वाचणार. दर डिसेंबरात हेच होतं.

मर्सी : मी म्हणते, ज्याचं भाषण त्यानं येऊन वाचावं ना! तोंड नाही का त्यांना?

एनॉक : रीत नाही तशी. राजे येतात स्वतः, आसनावर बसून प्रजेला सुनावतात. आपल्याला राजा नको होता, म्हणून आपले अध्यक्ष लिहून पाठवतात.

मर्सी : म्हणजे लिहिणारा घरी ऊब घेत बसणार आणि ऐकणाऱ्यांनी बघायचं तुझ्या तोंडाकडं! भारी सोय आहे.

केझाया : वन्सं, थांबा जरा. अहो, तुम्हाला हे कधी कळलं? खरं सांगा.

एनॉक : काल दुपारी. छापखान्यातून कच्ची प्रत आली तेव्हा. तिकडच्या किल्ल्यांची, नद्यांची नावं तोंडात बसत नाहीत, अडखळू नये म्हणून आदल्या दिवशी देतात मला.

केझाया : म्हणजे काल रात्री जेवताना ठाऊक होतं तुम्हाला. डुकराचं मांस खारट झालंय म्हणालात. मी म्हटलं, आज लक्ष नाही माझं. आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

एनॉक : बघवलं नाही.

केझाया : आणि आज ते वाक्य माझ्यापासून चोरून, तिथं जाऊन भर सभेत वाचणार होतात.

एनॉक : तुझ्या कानावर पडू नये एवढंच मनात होतं. दुसरं काही नाही, शपथ आहे.

केझाया : परवा सगळी वर्तमानपत्रं छापणार. भाजीबाजारात बायका वाचून दाखवणार एकमेकींना. माझ्या कानावर पडलं नसतं?

मर्सी : वहिनी, घोटभर चहा घे. हात बघ कसे गारठलेत.

केझाया : नको मला चहा. अहो, मला एवढंच सांगा. लेम त्या किरकोळमध्ये धरलाय का?

एनॉक : केझाया...

केझाया : सरळ प्रश्न आहे. सरळ उत्तर द्या. तुम्हाला हिशेब कळतात, मला कळत नाहीत.

एनॉक : नाही. धरलेला नाही. युद्धखातं फक्त गोळी लागून गेलेल्यांची गणती पाठवतं. तापानं गेलेले वेगळे. त्यांचं या भाषणात काहीच नाही.

केझाया : म्हणजे किरकोळातसुद्धा नाही माझं पोर.

मर्सी : देवा रे.

केझाया : तो सार्जंट याच बाकावर बसला होता उन्हाळ्यात. लेमचा कोट मांडीवर घेऊन. काय म्हणाला तो? गोळीनं एक गेला तर दलदलीच्या तापानं दहा गेले, बाई. सगळ्यांना एकाच चरात घातलं, कारण खणणारेही तापानं फणफणले होते. म्हणाला ना?

एनॉक : म्हणाला.

केझाया : आणखी काय म्हणाला? आम्ही तिथल्या मूळ लोकांची मक्याची शेतं जाळत फिरलो, आणि शेवटी आम्हालाच खायला मिळेना. ते लोक आपला मुलूख सोडायला तयार नाहीत, एवढ्यावरून ही सगळी लढाई. त्यांच्या आयांची हानी तर कुणाच्याच भाषणात येणार नाही.

मर्सी : त्या सार्जंटानं ताटाला हात लावला नव्हता. आठवतंय मला. माझ्या हातचं परत गेलेलं पहिलंच ताट ते.

केझाया : नका वाचू.

एनॉक : काय नको वाचू?

केझाया : ते वाक्य. आत्ता जसं गिळलंत तसं तिथं गिळा. कुणाला पत्ता लागणार नाही. तुम्हीच सांगता ना, तिकडं कोणी ऐकत नाही म्हणून? कोणी पत्रं लिहितं, कोणी तंबाखू थुंकतं, कोणी पेंगतं. त्या घुमटात आवाज असा घुमतो की पुढच्या बाकालाही धड कळत नाही. एका वाक्यानं कुणाचं काय जातंय?

एनॉक : माझं जातं. ऐकून घे, केझाया. नोकरीचं नाही म्हणत मी. ती गेली तर वरच्या दोन खोल्यांच्या जोडीला तिसरीही भाड्यानं देऊ, उपाशी नाही मरणार. पण मी शपथ घेतलीय. कागदावर असेल ते सगळं वाचायचं, नसेल ते काही वाचायचं नाही. माझ्या पटण्याचा तिथं प्रश्नच येत नाही. आज मला दुखतं म्हणून मी एक वाक्य गाळलं, तर उद्या माझ्या जागी बसलेला दुसरा कोणी पैसे घेऊन दुसरं गाळेल. लोकांना मग काय वाचलं आणि काय नाही, याचा भरवसा कसा वाटायचा?

केझाया : बोलता छान. नेहमीच छान बोलता.

एनॉक : टोमणा मारू नकोस.

केझाया : टोमणा नाही. तुमच्या आवाजाबद्दलच बोलतेय. गेल्या वर्षी मी तिकडं धुण्याच्या खोलीत उभी होते, आणि लेम कुठं होता, आठवतंय?

एनॉक : नको, केझाया.

केझाया : जिन्यावर. एका हातात बूट, एका हातात ब्रश. बग्ग्यांच्या कारखान्यात कामावर जायला उशीर होत होता तरी हलत नव्हता. तुम्ही वाचत होतात, ‘या प्रजासत्ताकाच्या तरुणांकडून स्वयंसेवेची अपेक्षा आहे.’ काय तो आवाज! मलासुद्धा वाटलं, मी पुरुष असते तर गेले असते. पोरगं माझ्याकडं येऊन म्हणतं कसं, आई, बाबा वाचतात तेव्हा सगळं खरं वाटतं गं.

मर्सी : वहिनी, आता पुरे. नको ना असं बोलू. तो कोसळेल अशानं.

केझाया : आठवड्यानं नाव नोंदवून आला. आजपर्यंत मी हे बोलले नव्हते, वन्सं. मनात शंभरदा आलं. यांचा काय दोष, असं स्वतःलाच समजावलं. पण आज त्याच आवाजात हे ‘किरकोळ’ वाचायचं? मला नाही सोसवणार. माझं आतडं तुटतं हो!

एनॉक : माझं तुटत नाही असं वाटतं तुला?

केझाया : दिसत नाही तुमचं.

एनॉक : कसं दिसणार? तीस वर्षं दुसऱ्याचं वाचतोय. स्वतःचं बोलायला गेलो की तोंडात शब्दच येत नाही. तो सार्जंट गेल्यावर मी मागं लाकडं फोडायला गेलो होतो. एक लाकूड फोडलं नाही. नुसता कुऱ्हाड धरून उभा होतो.

मर्सी : खरं आहे ते. मी बघितलं होतं. लाकडं मीच आणली मग शेजारून.

एनॉक : ते जिन्यावरचं तू आज बोललीस. मी ते रोज ऐकतो. चढताना त्या पायरीवर पाय ठेवत नाही मी.

केझाया : मग?

एनॉक : मग काही नाही. वाचावं लागेल.

केझाया : ठीक आहे. वाचा. मी येते.

एनॉक : कुठं?

केझाया : सज्जात. बायकांच्या बाकांवर. इतकी वर्षं तुम्ही म्हणत होतात, एकदा येऊन ऐक. आज येते. तुम्ही ते वाक्य माझ्याकडं बघून वाचा. वाचता आलं तर वाचा.

मर्सी : अगं, गुडघा गुडघा चिखल आहे रस्त्यावर. डुकरं लोळतायत. काळे कपडे खराब होतील तुझे.

केझाया : होऊ देत. वन्सं, माझी टोपी द्या.

(त्याच दिवशी, दुपार कलल्यावर. तेच स्वयंपाकघर.)

मर्सी : आलास? आणि वहिनी कुठंय?

एनॉक : घरी नाही आली?

मर्सी : नाही बाई. मला वाटलं, बरोबर याल. वरचे दोघे सभासद तर केव्हाच आले. एक जण म्हणाला, आज तुमच्या भावाला काय झालं होतं? मी म्हटलं, काय झालं होतं? तर हसून वर निघून गेला. मेल्याला संध्याकाळी शिळा पावच वाढते. काय झालं, दादा?

एनॉक : मी सज्जात शोधलं तिला. नंतर पायऱ्यांवर उभा राहिलो, सगळी गर्दी पांगेपर्यंत. दिसलीच नाही. गेली कुठं ही?

मर्सी : येईल. चिखलातून चालायचं म्हणजे वेळ लागणारच. तू बस आधी. पांढराफटक पडलायस. वाचलंस का ते?

एनॉक : वाचलं.

मर्सी : तिच्याकडं बघून?

एनॉक : बघितलं. खांबाजवळ बसली होती. काळी टोपी लगेच ओळखू आली. वाचलं, आणि कोणी मान वर केली नाही गं मर्सी. एक जण मेजावर पाय टाकून पत्र लिहीत होता. दोघं सफरचंद कापून खात होते. एकानं थुंकदाणीवर नेम धरला आणि नेम चुकला म्हणून शेजारचा हसला. नेमकं त्याच वाक्याला हसला. त्याचा काही दोष नाही, त्यानं ऐकलंच नव्हतं.

मर्सी : मग रे?

एनॉक : मग पुढचं वाचायला तोंड उघडलं, तर शब्द येईना. ओळी दिसत होत्या समोर. जीभच हलेना. किती वेळ गेला कोण जाणे. आणि काय झालं माहीत आहे? सगळे गप्प झाले. मी वाचत होतो तोवर कुजबुज चालू होती, मी थांबलो तर सगळ्यांनी वर बघितलं. पत्रवाल्यानं लेखणी खाली ठेवली. त्या सभागृहात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मर्सी : अगं आई गं. सभापती काय म्हणाले?

एनॉक : म्हणाले, कारकून आजारी आहेत का? मी म्हटलं, नाही साहेब. ओळ चुकली माझी.

मर्सी : चुकली होती?

एनॉक : बोट होतं ओळीवर. खोटं बोललो मी. त्या जागेवर उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. आणि ओळ चुकली की मागच्या वाक्यापासून पुन्हा वाचायचं असतं, तसा रिवाजच आहे. म्हणून पुन्हा वाचलं.

मर्सी : तेच?

एनॉक : तेच. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. देवानं जेवढा आवाज दिलाय तेवढा सगळा लावला. ‘आपल्या बाजूची हानी किरकोळ आहे.’ या वेळी सगळ्यांना ऐकावं लागलं. खाली, वर, दारातल्या शिपायालासुद्धा. कोणाला हसू आलं नाही.

मर्सी : दादा, तू रडतोयस.

एनॉक : असू दे. तिथं नाही रडलो. उरलेलं सगळं भाषण वाचलं मी, जहाजबांधणीपर्यंत. सही वाचली, तारीख वाचली. नंतर आमचे मोठे कारकून जवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, विदर्बी, गळा थकला तुमचा, पुढल्या वर्षी कुणी तरुण बघू. भला माणूस आहे. त्यालाही कळलं असावं.

मर्सी : जाऊ दे ती नोकरी! तिसरी खोली देऊ भाड्यानं, तूच म्हणालास सकाळी.

एनॉक : नोकरीचं काही वाटत नाही. ती कुठं गेली असेल, मर्सी? तिनं ऐकलं आणि उठून गेली. मी दोनदा वाचलं, तिला दोनदा ऐकावं लागलं. माझ्या हे डोक्यातच आलं नाही. बाकीच्यांना ऐकवायच्या भरात मी तिच्यावर दुसऱ्यांदा तोच घाव घातला.

मर्सी : थांब, फाटक वाजलं. तीच आहे. अगं वहिनी! काय हा अवतार! घागरा पार भिजलाय. ये, शेगडीपाशी ये. होतीस कुठं?

केझाया : नदीवर. धक्क्यापर्यंत गेले होते.

एनॉक : धक्क्यापर्यंत? या थंडीत? केझाया, मी... तुला दोनदा ऐकावं लागलं. माझं चुकलं.

केझाया : बसा हो. उठू नका. वन्सं, आता द्या चहा. माझ्या शेजारी एक बाई बसली होती.

मर्सी : कोण गं?

केझाया : नदीपलीकडची. तिथल्या अलेक्झांड्रिया गावची. नवरा मासेमारीच्या होडीवर असतो. पहाटेच्या पहिल्या नावेनं आली होती. अंगावर धड शाल नाही, मांडीवर पुरचुंडीत मक्याची भाकरी. मी बसायला गेले तर सरकून जागा दिली. म्हणाली, तुम्ही पण नावांसाठी आलात का?

एनॉक : कसली नावं?

केझाया : तेच मी विचारलं. तिचा पोरगा गेलाय फ्लोरिडात. तापानंच. तिला वाचता येत नाही. कुणीतरी सांगितलं, वर्षाअखेर राष्ट्राध्यक्ष सगळ्या देशाचा हिशेब देतात, काय आलं, काय गेलं. तिला वाटलं, गेलेल्या पोरांची नावं वाचतील. एकेक नाव. आपल्या पोराचं नाव त्या मोठ्या घरात एकदा ऐकावं, म्हणून आली होती.

मर्सी : हे देवा. आणि तू सांगितलंस तिला?

केझाया : कुठल्या तोंडानं सांगू? ती कान देऊन ऐकत होती. जकात ऐकली, टपाल ऐकलं, बंदरातला गाळ ऐकला. सगळ्या सभेत तेवढी एकच बाई शब्द न् शब्द ऐकत होती. फ्लोरिडाचं नाव आलं तेव्हा तिनं माझा हात धरला. म्हणाली, आता येतील.

एनॉक : आणि मी...

केझाया : तुम्ही वाचलंत. मग तुम्ही थांबलात. ती म्हणाली, बघा, नावांचा कागद काढतायत. आणि तुम्ही तेच पुन्हा वाचलंत.

एनॉक : तिला काय वाटलं असेल!

केझाया : दुसऱ्या वेळी कळलं तिला. पहिल्या वेळी नुसता शब्द कानावरून गेला होता, दुसऱ्या वेळी कळलं. माझा हात सोडला नाही. पण रडली नाही हो. शेवटपर्यंत बसून राहिली, न जाणो शेवटी वाचतील म्हणून. तुम्ही तारीख वाचलीत, सगळे उठले, तेव्हा मला विचारते, संपलं? मी म्हटलं, संपलं.

मर्सी : म्हणून तू धक्क्यापर्यंत गेलीस तिच्याबरोबर.

केझाया : एकटीला कशी सोडणार? रस्ता माहीत नव्हता तिला परतीचा. चालता चालता तिनं आपल्या पोराचं नाव सांगितलं. ऑब्री. जाळी विणायला फार हुशार होता म्हणे. मग मी लेमचं सांगितलं. बग्ग्यांचं, चाकांचं, झोपेत बडबडायचा ते. मला वाटलं होतं, त्याच्याबद्दल बोलायला गेले तर जीव जाईल माझा. नाही गेला. धक्का येईपर्यंत बोलत होते मी.

एनॉक : केझाया, सकाळी तू बोललीस ते सगळं खरं आहे. मी नाकारत नाही. माझ्यावर राग धर, हवा तेवढा धर.

केझाया : आहेच राग. तो काही एका दिवसात जायचा नाही. जिना तर रोज चढायचाच आहे आपल्याला.

एनॉक : हो.

केझाया : होडी सुटायच्या वेळी ती परत फिरली. म्हणाली, बाई, एक सांगाल? तो वाचणारा माणूस का थांबला हो मधेच? नावं तर त्याच्यापाशी नव्हती. मग कशासाठी थांबला?

एनॉक : काय सांगितलंस?

केझाया : म्हटलं, एक होतं त्यांच्यापाशी. ती म्हणाली, तुम्हाला कसं ठाऊक? कोण आहेत ते? मी म्हटलं, माझ्या लेमचे वडील आहेत.